पाण्यात कॉस्टिक

...नाही काका, या ना आत, फरशी धुतलीय मी — फक्त चपला काढू नका, फटीत एखादा कण राहिला असेल तर तळवा सोलून निघेल. तुमच्या लॉन्ड्रीच्या साबणाच्या पाच पेट्या तयार आहेत. हे? हे दवाखान्यात. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, ओठ शिवल्यासारखे मिटलेत. कसं म्हणजे — कॉस्टिक सोडा उडाला तोंडावर. चार वाजता पोलीस यायचेत. तुम्हाला विचारलं तर एवढंच सांगा, की ह्यांना घाईची सवय आहे. तुम्ही पाहिलंयत की! गेल्या खेपेला माझ्या हातातली पेटी हिसकावून तुमच्या टेम्पोत आदळली होती — 'हिच्या हातून होईपर्यंत आमचे दात पडतील' म्हणत. तेवढंच सांगा.

साबण म्हणजे काय हो — तेल आणि कॉस्टिकचा संसार. नीट मुरला तर दोघंही ओळखू येत नाहीत, नाही मुरला तर कपडाही खातो नि हातही. पाण्यात कॉस्टिक सोडायचं, थोडं थोडं. कॉस्टिकवर पाणी? कधीच नाही — एकदम उकळून वर उसळतं. किती भाजतं ते मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. वड्यांना तडे गेले म्हणून ह्यांनी माझं मनगट कॉस्टिकच्या बादलीत दाबून धरलं. गंमत बघा, आधी दुखत नाही, नुसतं बुळबुळीत लागतं — आपल्याच चरबीचा साबण व्हायला लागलेला असतो ना! मग दुखतं. सासूबाई म्हणाल्या, भांड्याला भांडं लागायचंच. मी तशी कमीच बोलते. बाही वर करून दाखवू? नको? बरं.

तर आज सकाळी — बादलीत आधी पाणी घ्यायचं मी विसरले. नुसतं कॉस्टिक, कोरडं. मी तांब्या धरून उभी. हे आले, म्हणाले, 'मुहूर्त बघतेस काय गं?' आणि हिसकावला तांब्या, ओतला भसकन, तोही वाकून. मी शेजारीच होते — म्हणजे दाराशी. हिसकावला तेव्हा शेजारी, मग दाराशी. गॉगल? मी लावला होता की, म्हणून तर वाचले. रोज? ...आजपासून लावायचं ठरवलं होतं. पाणी गरम होतं, हो — सकाळी गारठा असतो.

असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं, काका. गालावरून पांढरा फेस ओघळतोय आणि हे स्वतःचीच कातडी ओरबाडतायत, पाणी पाणी करतायत. अर्धा तास नळाखाली धरायचं असतं, मला माहीत होतं. धरलं ना! सासूबाई धावत आल्या तेव्हा धरलेलंच होतं. त्याच्या आधी? त्याच्या आधी नळाची चावी माझ्या पदराच्या गाठी — नळ घट्ट होता. नळ घट्ट झालाय हल्ली.

असे काय बघताय? दोन दिवसांत ओठ सुटतील म्हणतात डॉक्टर. बोलायला लागतील हे. त्यांनी तोंड उघडलं की मग मला कुठलं दार उघडं — तुम्हाला मुलगी आहे ना, काका? नको, नका सांगू. पोलिसांनाही काही नका सांगू, घाईचंसुद्धा नको — तुम्ही यात अडकू नका. पेट्या उचला.

जा म्हटलं ना.