आजोबांचा चाकू

फ्रान्सच्या ऑव्हेर्न्य भागातल्या आमच्या गावात जनावरांच्या डॉक्टरकडे कुत्र्याला घेऊन बसलो होतो. समोर दोन म्हातारे शेतकरी होते. लेओन्स आपली शेळी घेऊन आला होता, तिच्या गळ्यावर दोराचा वळ होता. युर्बँ नुसता सोबतीला आलेला.

"दोराचा फास बसला, तेव्हा खिशात चाकू नव्हता तुझ्या?" युर्बँनं विचारलं.

"होता की, आजोबांचा. उघडेचना. दातांनी ओढला, पकडीनं ओढला. शेळीनं जीभ बाहेर काढली, पण चाकूनं पातं काढलं नाही."

"बघू. अरे देवा! या सांध्यात गेल्या वर्षीचं सॉसेज आहे, लेका!"

"जेवल्यावर पावानं पुसतो मी. आजोबाही तेवढंच करायचे."

"ते दिवसातून पन्नासदा उघडायचे. तू रविवारी उघडणार आणि आठवडाभर मिरवणार. सांधा साफ करून तेलाचा एक थेंब सोडायला काय जातं तुझं?"

"चीजला तेलाचा वास लागतो."

"थेंब म्हटलं मी, पिंप नाही. मग दोर कापला कुणी?"

"ओदेतनं. भाजीच्या सुरीनं."

"शाबास वहिनी! काही बोलली?"

"एक शब्द नाही. पण त्या दिवसापासून माझा पाव तीच कापते. बारीक तुकडे करून ताटात ठेवते."

"आपल्या गावात सात वर्षांचं पोरसुद्धा आपला पाव आपल्या चाकूनं कापतं रे!"

युर्बँनं खिशातून दोन नासपती काढल्या आणि खट्कन चाकू उघडला.

"तुला फोडी करून देऊ?"

"अख्खीच दे. चावून खातो."