सुलतान, राजदूत आणि सात रस्त्याचं वळण

...न्हाय न्हाय, उगं गाडीला नावं ठेवू नका! गाडीची काय चूक वो त्यात? चूक असंलच तर घोड्याची, आणि घोडा बिचारा तवा घरी हरभरा खात उभा! आता तुमी म्हणाल, मोटरसायकलच्या भानगडीत घोडा कुटनं आला... आवो, तेच तर तुमाला सांगतो!

आमच्या शेजारचा धोंडप्पा, सोलापूर टेसनावरचा तांगेवाला. मिसरूड फुटल्यापासनं तांगा हाकतोय. टेसन ते सात रस्त्याचा गोल चौक, आणि चौकातनं परत टेसन. घोड्याचं नाव सुलतान, आणि वागणंबी तसंच. पण शहरात रिक्षा आल्या की वो! टर्रर्र करत यायच्या, भाडं उचलून पसार व्हायच्या, आणि धोंडप्पा आपला सुलतानच्या पाठीवरच्या माशा हाकलत बसायचा. तवा पेठेतल्या चनमल्लप्पा शेटनं त्याला बोलावून घेतलं. शेटचा चादरीचा धंदा. म्हणला, धोंडप्पा, आता तांग्याचं काय खरं न्हाय, ही माझी जुनी राजदूत मोटरसायकल घे आणि चादरीचे नमुने दुकानादुकानाला पोचव. धोंडप्पा व्हय म्हणला. त्याला न्हाय म्हणताच येत न्हाय कुणाला, हीच तर रड हाय! बार्शीचा एक जण म्हणला, घोडा मला देतो का? ह्यो व्हय म्हणला! सोमवारी येतो न्ह्यायला, म्हणला. तरीबी व्हयच!

सावित्रम्मानं, म्हंजे त्याच्या बायकूनं, भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. रडली न्हाय, भांडली न्हाय. नुसतं म्हणली, "विका की घोडा. पण आदी मला त्या फटफटीवर बसवा, सात रस्त्याला वळसा घाला आणि घरी आणा. माझा पाय भुईला लागायचा न्हाय. फटफटीनं आणलं तर घोडा जाऊ दे. न्हाय आणलं तर घोडा हितंच ऱ्हाईल." झालं! धोंडप्पा ह्यालाबी व्हय म्हणला.

मग शिकवणार कोण? तर आमचा मानसिंग. पलटणीत मोटरसायकलीवरनं टपाल न्हेत व्हता, आता पेन्शनीत. मिशीला पीळ, आवाज असा की गल्लीतली कुत्री सावधान उभी ऱ्हातात. त्याचं सारखं एकच पालुपद, "वळणावर क्लच दाबायचा न्हाय!" वळणाच्या आदी वेग कमी कर, गेर खाली घे, क्लच सोडून दे, आणि वळण संपंस्तोवर उजव्या मुठीतला ॲक्सिलेटर जरासा, अगदी जरासा धरून ठेव, म्हंजे इंजिनच गाडीला वळणातनं वडून न्हेतंय. सोपं हाय का न्हाय? सोपंच हाय की! पण कुणाला? ज्यानं जन्मात घोडा हाकला न्हाय त्याला!

बगा आता. धोंडप्पाच्या हातात जन्मभर काय? लगाम. डावीकडं जायचं, डावा वडा. उजवीकडं जायचं, उजवा वडा. थांबायचं, दोन्ही वडा आणि तोंडानं हो... हो... म्हणा. आता मोटरसायकलीला डाव्या हाताखाली काय असतंय? क्लच! उजव्या हाताखाली? पुढचा बिरेक! आणि दोन्ही हात छातीकडं वडले, की मूठ फिरून काय व्हतंय? ॲक्सिलेटर! म्हंजे थांबायला गेला की गाडी पळणार! कुणी जुळवून आणलं आसंल वो हे? त्या धोंडप्पावर एवढा कसला राग?

पयल्या दिवशी सात रस्त्याला डावं वळण आलं. ह्यानं सवयीनं डावा लगाम वडला... म्हंजे क्लच! इंजिन सुटं झालं, वर मूठबी पिळलेली, नुसतं बोंबलतंय इंजिन आणि गाडी मोकळी सुटली सरळ. वळतीय कुटं? थेट रसवंतीत! उसाच्या मोळ्यांवर जाऊन बसला गडी. मागनं मानसिंग पळत आला, "वळणावर क्लच दाबायचा न्हाय म्हणलं की न्हाय!" मग उजवं वळण. ह्यानं उजवा लगाम वडला. पुढचं चाक जागीच खिळलं, गाडी आडवी आणि धोंडप्पा गाडीच्या पुढं. उठला, धूळ झाडली, आणि केलं काय म्हणता? गाडीच्या टाकीवर थाप मारून म्हणला, बिचकलास व्हय रं. आता काय बोलणार तुमी आसल्या माणसाला?

शेवटी मानसिंगनं अक्कल लढवली. धोंडप्पाच्या डाव्या हाताच्या बोटांना काड्या बांधून ती भेंडीगत ताठ केली. दाब आता क्लच! वळणाच्या आदी मागं बसलेला मानसिंग काड्या सोडायचा, गेर झाला की परत बांधायचा. लोक बघायला जमायचे. पण तुमाला सांगतो, जमलं! रविवारी धोंडप्पानं बिनकाड्यांनी वळण घेतलं. डावी बोटं मोकळी, उजवी मूठ जागच्या जागी, गाडी अशी गुर्रर्र करत वळली की मानसिंगच्या डोळ्यात पाणी आलं. धोंडप्पा मातूर संध्याकाळी सुलतानपुढं हरभरा ठेवून बसला, आणि त्याच्या डोळ्याला डोळा देईना. जमलं तर सुलतान जातोय, न्हाय जमलं तर अब्रू जातीय. माणसानं करावं तरी काय? गलबलून गेला वो गडी.

सोमवार उजाडला. बार्शीचा माणूस दोरी घेऊन ओट्यावर येऊन बसला. सावित्रम्मा इरकल नेसून, डोईवर पदर घेऊन, फटफटीवर एका बाजूला पाय सोडून बसली. निघाली स्वारी. सात रस्ता आला. धोंडप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय, वळणावर क्लच दाबायचा न्हाय, वळणावर क्लच दाबायचा न्हाय... आणि काय वळला म्हणता! चौकाला अख्खा वळसा! कोपऱ्यावरनं मानसिंगनं सलाम ठोकला. आता नुसतं मानसिंगपाशी थांबून शाबासकी घ्यायची आणि घरची वाट धरायची. थांबायचं म्हणल्यावर धोंडप्पानं काय केलं? बोटं मोकळीच ठेवून दोन्ही हात छातीकडं वडले आणि म्हणला, हो... हो...

गाडी पळाली की! परत वळण! परत चौकाला वळसा! मानसिंग वरडतोय, आरं क्लच दाब, क्लच! आणि धोंडप्पा म्हणतोय, वळणावर क्लच दाबायचा न्हाय! आता चौकात वळण संपतंय कुटं वो? गोलच हाय त्यो! सावित्रम्मानं दोन वळसे डोळं मिटून घेतले, तिसऱ्याला उघडले, चवथ्याला बांगड्यावालीला हात केला. शेवटी पेट्रोल संपलं, तवा कुटं गाडी थांबली.

थांबली, पण सावित्रम्मा काय उतरंना. पाय भुईला लागायचा न्हाय म्हणली, ते म्हणली. धोंडप्पा गाडीला टेकू देऊन उभा, बायकू वर बसलेली, भवती सगळा सात रस्ता जमलेला. मग मानसिंग धोंडप्पाच्या घरी गेला, सुलतानला जुंपून तांगा घेऊन आला, राजदूत मागं दोरीनं बांधली, आणि निघाली वरात. पुढं सुलतान, मागं फटफटीवर ही दोघं. आणि तुमाला सांगतो, मानसिंगनं लगाम हातात नुसता धरलेला, सुलतान वळणामागनं वळण आपल्या आपण घेतोय! हिसका न्हाय, धक्का न्हाय!

दारात आल्यावर बार्शीवाला दोरी घेऊन उठला. म्हणला, बाईंचा पाय कुटं लागला न्हाय, म्हंजे घोडा माझा. धोंडप्पाचं तोंड एवढंएवढं झालं. तवा सावित्रम्मा गाडीवरनं उतरली, सरळ सुलतानकडं गेली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणली, "फटफटीनं कुटं आणलं? ह्यानं आणलं. आणि इतकी वर्षं वळणं तुमी घेत व्हता व्हय? हाच घेत व्हता. तुमी नुसते वर बसत व्हता."

धोंडप्पा, जन्मात पयल्यांदा, बार्शीवाल्याला न्हाय म्हणला. आणि म्हणताना हसत व्हता बगा, डोळं पुसत पुसत.

पण शेटला न्हाय कोण म्हणणार? शेटचा हुकूम, नमुने राजदूतनंच पोचले पायजेत. मग काय! आता रोज सकाळी तुमी सात रस्त्याला उभं ऱ्हावा. सुलतान तांगा वडतोय, तांग्यात चादरी, आणि मागच्या पायरीवर पुढचं चाक चढवून बांधलेली राजदूत येतीय ठुमकत. मानसिंगनं तर आता नादच सोडला. कपाळाला हात लावून म्हणतो, जाऊ द्या वो... एवढं तर खरं हाय, आता धोंडप्पा वळणावर क्लच एकदाबी दाबत न्हाय!