मी फक्त चालायला गेलो होतो

नाही, तुम्हीच सांगा, माणसाने पायात नवे बूट चढवून, डोक्यावर टोपी घालून सकाळी घराबाहेर पडावं आणि एक धड पाऊल न चालता दुपारी कोपरापर्यंत हिरवा रंग माखून परत यावं, याला काय म्हणायचं? आणि वर डॉक्टर विचारणार, "काय, रोजचं फिरणं सुरू आहे ना?" आता काय सांगू मी त्यांना? हो म्हणावं तर वजनकाटा समोर, नाही म्हणावं तर ही शेजारच्या खुर्चीत. अहो, मी फक्त चालायला गेलो होतो!

सगळं त्या डॉक्टरांमुळे. आमचं चष्म्याचं दुकान, म्हणजे आता मुलगा बघतो, पण सारी हयात मी स्टुलावर बसून लोकांना 'वरची ओळ वाचा, आता खालची वाचा' करत काढली. तर डॉक्टर म्हणाले, "बसणं पुरे. चाला." बस्स, एवढंच. गोळी नाही, पथ्य नाही. ही लगेच म्हणाली, "मग माझ्याबरोबर चला की. मी नाहीतरी पहाटे दुधाला जाते." आता ही जाते शेजारच्या चार बायकांबरोबर. त्या घोळक्यात मी किटली हलवत जाऊ? कोणाच्या सुनेने काय म्हटलं ते ऐकत? मी म्हटलं, छे, चालायचं तर रीतसर चालेन, शिस्तीत, माहितगार माणसांबरोबर. आणि गेलो, त्या निसर्गरक्षण आणि पदभ्रमण मंडळात नाव घालायला गेलो. स्वतःच्या पायाने गेलो हो! तेवढंच काय ते माझं पदभ्रमण.

पहिल्या रविवारी नदीकडच्या पायवाटेच्या तोंडाशी सगळे जमले. मोठ्या बाई, म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण तुमच्याकडे बघितलं की अजून तुमचा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे जातो. त्यांनी माझे बूट बघितले, मला बघितलं आणि माझ्या हातात कोयता दिला. मी म्हटलं, "बाई, मी चालायला..." त्या म्हणाल्या, "चालणं होईलच हो. आधी वाट तर मोकळी करूया." बरोबरच आहे म्हणा. झुडपं तोडली. पुढच्या रविवारी चालू म्हटलं, तर पुढच्या रविवारी पाट्या रंगवायच्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्या रंगवलेल्या पाट्या पुरायच्या होत्या. मग बैठक. मग आधीच्या बैठकीत काय ठरलं ते ठरवायला बैठक. आमच्या मंडळात चालण्याबद्दल इतकं बोलतात, इतकं बोलतात की ऐकून ऐकूनच माणसाचे पाय दुखायला लागतात. आणि मी फक्त चालायला गेलो होतो!

एक गार्डसाहेब आहेत. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेलेला माणूस. त्यांच्याकडे शिट्टी आहे. कोणी दोन पावलं पुढे टाकली की हे शिट्टी मारणार, "थांबा, मागचे राहिले." मागे कोण, तर मी एकटा, आणि मी थांबलेलाच आहे, कारण माझ्या हातात सगळ्यांचे कोयते आहेत. आणि एक दातवाले. म्हणजे दातांचा दवाखाना आहे त्यांचा, पण खरा जीव पशुपक्ष्यांत. तुमच्या तोंडात दोन्ही हात घालून ते तुम्हाला घुबडाच्या सवयी सांगतात. तुम्ही नाही कसं म्हणणार?

तर या दातवाल्यांना एकदा त्या नदीच्या वाटेवर पुढे गेल्यावर काय दिसलं, तर गवत दबलेलं! मधोमध एक पट्टा, अगदी रोज कोणीतरी जावं तसा. माणूस तर कोणी जात नाही, असं मंडळाचं ठाम मत, कारण मंडळातलं कोणी जात नाही. मग कोण जातं? हे गुडघ्यावर बसले, भिंग काढलं, एका काटेरी फांदीवरून दोन-तीन तपकिरी केस चिमट्याने उचलून डबीत ठेवले आणि उठून दबक्या आवाजात म्हणाले, "लाजाळू आहे. पहाटे फिरतो. कळपाने फिरतो." सगळ्यांच्या अंगावर काटा. मी डबीत डोकावून बघितलं. आता तुम्हाला सांगतो, ते केस मला कुठेतरी बघितल्यासारखे वाटले. पण मी नवा माणूस, म्हटलं असेल काहीतरी, मोठी माणसं सांगतायत.

झालं, ठराव पास. त्या प्राण्याला त्रास नको म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधायची आणि कोणीही त्या वाटेने चालायचं नाही. चालणाऱ्यांच्या मंडळाने, स्वतः कोयत्याने मोकळी केलेली वाट, स्वतः दोरी लावून बंद केली! आणि दोरी बांधली कोणी? बाई म्हणाल्या, "तुमची गाठ छान बसते." दुकानात चष्म्यांच्या डब्यांचे पुडे बांधून बांधून हात बसलाय ना माझा. मी फक्त चालायला गेलो होतो, आणि चालणं बंद करून घरी आलो.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मग गोठेवाल्यांनी तहसील कचेरीत अर्ज केला. वाटेच्या पलीकडच्या टोकाला त्यांचा गोठा, त्याच्या जरा अलीकडे त्यांचं फाटक, फाटकातून वाट गोठ्यावरून पुढे नदीवर जाते. त्यांचं म्हणणं, या वाटेने कोणी जात-येत नाही, जे येतात ते फाटक उघडं टाकतात, माझी वासरं दोनदा हायवेवर गेली, तेव्हा मला कुंपण घालून वाट बंद करू द्या. आता वहिवाटीच्या रस्त्याचं असं असतं की लोक चालतायत तोवर तो लोकांचा. कोणी चालत नाही असं ठरलं की गेला, कायमचा. कचेरीतून कळवलं की साहेब येऊन स्वतः बघतील.

हे ऐकलं आणि मला, खरं सांगतो, वाईट वाटलं. म्हणजे फारच वाईट वाटलं. कारण ती वाट माझी जुनी ओळखीची. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा घर म्हणजे एक खोली आणि आतला स्वयंपाकघराचा तुकडा. त्यात आई, अण्णा, दोन भाऊ, आत्या. नवराबायकोने बोलायचं कुठे? मग आम्ही दोघं दूध आणायच्या निमित्ताने त्या वाटेने जायचो. जाताना किटली माझ्याकडे, येताना हिच्याकडे, का तर मी हातवारे करून बोलायचो आणि दूध सांडायचं. पुढे दुकान वाढलं, घर वाढलं, बोलायला खोल्या झाल्या आणि बोलणं राहिलं ते राहिलंच. पण वाट आहे, हे मनात कुठेतरी होतं. ती कुंपणाआड जाणार म्हटल्यावर मला जेवण गेलं नाही.

म्हणून मीच बैठकीत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा! म्हटलं, "बाई, प्राण्याचं नंतर बघू, पण साहेब येतील तेव्हा माणसं चालताना दिसली पाहिजेत." सगळ्यांना पटलं. दातवालेसुद्धा म्हणाले, एक दिवस चालेल, फक्त कोणी बोलू नका. आणि बाईंनी तिथल्या तिथे कामं वाटली. त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला एक शिपाईसुद्धा कधी रिकामा राहिला नव्हता, तर इथे कोण राहणार? स्वागताला बाई. शिट्टीला गार्डसाहेब. प्राण्याची माहिती द्यायला दातवाले. प्रथमोपचार पेटीला दोघं, पाण्याच्या पिंपाला एक, बाण दाखवायला जागोजागी एकेक, चपला-बूट तपासायला एक. आणि मी फाटकाला रंग द्यायला. म्हटलं, "फाटक तर मी महिन्यापूर्वीच रंगवलंय." "मग दुसरा हात द्या. साहेब येणार आहेत."

तर तो दिवस उजाडला. आम्ही पहाटेच हजर. सगळ्यांच्या दंडाला हिरव्या फिती. मी गोठ्याजवळच्या फाटकाला रंग देतोय, फाटक सताड उघडं, कारण लावलं तर ओला रंग खांबाला चिकटतो. आणि साहेब सांगितल्या वेळेच्या बरेच आधी आले! मोटारसायकलवरून, एकटेच. गोठेवाले त्यांच्या बाजूला हाताची घडी घालून उभे. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "चालणारे कोण आहेत?"

बाईंनी गार्डसाहेबांकडे बघितलं. गार्डसाहेबांनी पेटीवाल्यांकडे. पेटीवाल्यांनी पिंपाकडे. अहो, चालणारा कोणी नव्हताच! एवढ्या माणसांत प्रत्येकाला काम दिलेलं, एकालाही चालायला ठेवलेलं नाही! बाण दाखवणारे बाण दाखवतायत, कोणाला, तर एकमेकांना.

मी ब्रश टाकला. म्हटलं, "साहेब, मी चालतो." आणि निघालो. शपथेवर सांगतो, पाच-सहा पावलं पडली असतील, तेवढ्यात शिट्टी! गार्डसाहेब म्हणाले, "फीत. फीत काढून द्या आधी, ड्यूटीवरचा माणूस प्रवाशांत धरत नाहीत." मी फीत सोडवतोय, ती सुटत नाही, का तर गाठ मीच मारलेली. साहेब म्हणाले, "राहू द्या काका. एका माणसाने एक दिवस चालून वहिवाट होत नसते." आणि खिशातून पेन काढलं.

मी तिथेच बसलो. फाटकाच्या ओल्या खांबाला टेकून, पाठभर रंग. गेली वाट, दुसरं काय? दातवाले मात्र एकदम ओरडल्यासारखं कुजबुजले, "श्श! हलू नका कोणी. येतायत." आणि खरोखर, झुडपांमागे गवत हललं. एक तपकिरी पाठ वाकून दोरीखालून पुढे सरकली. मागून दुसरी. मग तिसरी. दातवाल्यांनी दुर्बीण लावली. आणि ती पहिली तपकिरी पाठ सरळ झाली, कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"कोणी बांधली हो ही दोरी? रोज वाकून वाकून कंबर गेली आमची."

आमची ही!

अंगावर ती तपकिरी शाल, जी मीच आणली होती, जिचे धागे महिनाभर त्या डबीत कापसावर निजले होते. हातात किटली. मागे शेजारच्या चौघी, त्याही किटल्या घेऊन. हा तो लाजाळू प्राणी! लाजाळू! तुम्ही आमच्या घरी या एकदा.

साहेबांनी पेन थांबवलं. हिला विचारलं, तुम्ही रोज इथून येता? ही म्हणाली, रोज, पावसातसुद्धा, आमची मुलं लहान होती तेव्हापासून, याच गोठ्यावरून दूध नेतो. गोठेवाले बघतायत जमिनीकडे. म्हणाले, साहेब, या सगळ्या घरच्याच आहेत, यांना कोण अडवतंय, या जाताना फाटक आठवणीने लावून जातात. उघडं टाकणारे दुसरेच आहेत. यावर साहेबांनी फाटकाकडे बघितलं. सताड उघडं. मग माझ्या हातांवरच्या हिरव्या रंगाकडे बघितलं. आणि त्याच वेळी, काय योग बघा, एक वासरू आमच्या सगळ्यांच्या मधून, पाण्याच्या पिंपाला वळसा घालून, आरामात बाहेर गेलं. गार्डसाहेबांनी शिट्टी मारली. ते पळायला लागलं.

वासरू सापडलं. वाट वाचली. साहेबांनी तिथेच लिहून टाकलं की वहिवाट चालू आहे. बाई भाषण करायला पुढे झाल्या, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी हिला बाजूला घेतलं, म्हटलं, "अगं, तू याच वाटेने येतेस, मला कधी बोलली नाहीस ती?"

ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत? बरोबर चला म्हटलं तर मंडळात गेलात. दोरी बघितली तेव्हाच कळलं तुमची आहे, पुड्याला मारता तीच गाठ. म्हणून तर सोडली नाही."

मी म्हटलं, "उद्यापासून येतो मी तुझ्याबरोबर. किटली मी धरतो." ती हसली. म्हणाली, "जाताना धरा." म्हणजे तिलाही आठवत होतं! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, गेलं खड्ड्यात मंडळ, आता खरोखर चालणार.

पण साहेब मोटारसायकलवर बसता बसता म्हणाले, "वाट खुली राहील, एका अटीवर. गोठेवाल्यांची वासरं बाहेर जाता कामा नयेत. मंडळाने रोज पहाटे फाटकावर एक माणूस ठेवायचा, लोक गेले की लावून घेणारा."

रोज पहाटे. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आणि सगळ्यांनी, गार्डसाहेबांनी, दातवाल्यांनी, पेटीवाल्या दोघांनी, माझ्याकडे बघितलं. का? तर फाटकाची मला सवय आहे म्हणे. आणि मी नाही म्हटलं असतं, पण नाही म्हटलं की वाट बंद. आता बोला!

तेव्हापासून रोज पहाटे मी त्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो. होय, बसतो. गोठेवाल्यांनीच दिली खुर्ची, चांगला माणूस आहे. तिकडून आमची ही येते, शाल पांघरून, चौघींच्या पुढे. मी उठून फाटक उघडतो. ती थांबते, विचारते, "येताय का?" मी म्हणतो, "आज नको गं, ड्यूटी आहे." ती म्हणते, "बरं." आणि गोठ्याकडे वळते, आणि मी फाटक लावून घेतो.

पण काल एक झालं. परत येताना तिने थोडा वेळ माझ्या हातात किटली दिली, म्हणाली, धरा जरा, शाल सारखी करते. मी तिच्याशी बोलायला लागलो, हातवारे करत... अर्धं दूध गेलं खुर्चीवर.