जमादारांचा ठराव

मंडळी, तुरीची सोंगणी टाकून तुम्ही भर दुपारी शोकसभेला आलात. या मांडवात बसलेल्या कितीतरी जणांच्या शेतात पोलिसातले दौलतराव जमादार न विचारता शिरले होते. तरी आलात. माणसाची कमाई याहून वेगळी काय असते? मला बोलायचं आहे, पण आज मन जड आहे आणि जीभ नेहमीसारखीच वात्रट. दोघांचं जमत नाहीये. सांभाळून घ्या.

संग्रामपूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तुरीच्या ओळींत कुणी गांजा लावला की जमादारांना जीपमधूनच वास यायचा. गेले, उपटला, पंचनामा केला, जाळला. सारी नोकरी त्यांनी हेच केलं. बाकीच्यांना पेन्शनीत गुडघेदुखी मिळते, यांना पुढची गोष्ट मिळाली.

मग त्यांच्या पत्नीला, आपल्या कौसल्याकाकूंना, हाडांचा कॅन्सर झाला. गोळ्या पुरेनात. नागपूरच्या एका वैद्यांनी विजयाचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे काय, असं जमादारांनी विचारलं. वैद्यांनी सांगितलं, गांजाचंच झाड. जमादार ताडकन उठले आणि सवयीनं बेड्या शोधायला लागले. बेड्या नव्हत्या. चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी कायद्यात बसत होती.

त्या तेलानं काकूंचं दुखणं गेलं नाही. पण झोप आली. फार दिवसांनी आली.

त्यानंतर जमादार कायदा वाचायला बसले. मी म्हटलं, आता? तर म्हणे, नोकरीत वेळच भेटला नाही. वाचून मला सांगायला आले. एकच झाड, मंडळी. बी निर्दोष. पानाला राज्य सरकारचा परवाना लागतो. फूल मात्र थेट तुरुंगात. एका घरातले तीन भाऊ असावेत तसं. आणि सरकारनं मनात आणलं तर लागवडीला परवानगी देता येते, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं. जमादार म्हणाले, "मंग मनात काऊन नाही आणून राह्यले?"

मनात आणावं म्हणून त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला. औषधापुरती लागवड सरकारी पहाऱ्यात होऊ द्या आणि औषध तालुक्याच्या दवाखान्यात ठेवा. पोरांनी फुकत बसावं म्हणून नाही. तसा फुकणारा दिसला असता तर जमादारांनी पेन्शनीतही कानफटात दिली असती. पण नागपूरची गाडी चुकली की काकूंची झोप गेली, एवढा साधा हिशेब होता.

मान्य असेल त्यांनी हात वर करा, असं सरपंच म्हणाले. माझा हात गेला. दुसरा एकही नाही. का? कारण सगळ्या गावाला वाटलं, हा सापळा आहे. जमादार बसल्या जागी गिऱ्हाईक मोजून राह्यले. रशीदभाई टेलर मागून म्हणाले, "जमादारसाहेब, तुमच्यापुढे हात वर करायचा म्हणजे एक का दोन्ही?" सभा हसली. हात खालीच.

तेव्हा काकू उठल्या. भिंतीला धरून उठल्या. म्हणाल्या, "हे कोणाले पकडून नाही राह्यले, बाबू. मले दुखते, म्हून मांगून राह्यले."

माझ्यानंतर पहिला हात सुखदेवचा वर गेला. हो, हाच सुखदेव, ज्याला जमादारांनी गांजापायी आत टाकलं होतं. तो म्हणाला, "काकूसाठी हात वर हाय. पण सायेब, माह्यी उपटलेली झाडं?" जमादार म्हणाले, "चूप बस बे." आणि बघता बघता सगळे हात वर. रशीदभाईंचे दोन्ही.

ठराव जिल्ह्याला गेला, तिथून मुंबईला गेला म्हणतात. जगात काही देशांनी कायदे सैल केले, काहींनी सैल करून पुन्हा आवळले. आपला ठराव सध्या कुठल्याशा टेबलावर आराम करतोय. जमादार दर सोमवारी तहसिलीत चौकशीला जायचे. गेल्या आठवड्यात झोपेतच गेले. तहसिलीत म्हणे सोमवारी सगळ्यांना चुकल्यासारखं झालं.

आता काकूंचं तेल कोण आणणार, हा प्रश्न होता. परवा सुखदेवच शेगावहून गाडीत बसला आणि नागपूरहून घेऊन आला. येताना एवढा घाबरला, की स्टेशनवर पोलीस दिसताच स्वतःच त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, वैद्यांची चिठ्ठी उघडून. पोलीस म्हणाला, काका, मी काही विचारलं का?

मंडळी, आता आवाज थोडा खाली घेतो. तुम्हीही घ्या. समोर बघा, आरामखुर्चीत काकूंचा डोळा लागलाय. माझ्या भाषणात कुणी झोपलं तर मी एरवी नावानिशी अपमान करतो. आज नाही. जमादारांना एवढंच पाहिजे होतं.

श्रद्धांजलीसाठी उभे राहू या. खुर्च्या सरकवू नका, खोकला दाबून धरा, मोबाईल बंद करा. दोन मिनिटं झाली की कुणी ‘बसा’ म्हणणार नाही. त्या जाग्या होतील तेव्हा बसू.