नाव न विचारणारा सर्व्हर

परमेश्वर : कडी काढा वहिनी, न्हाई तर कोयत्यानं दार फोडतो.

साखराबाई : फोड की मुडद्या! सख्ख्या चुलत्याचं दार हाय, फोड! तुज्या भावाच्या तेराव्याचा सैपाक ह्याच घरात झालाय.

उज्ज्वला : उघडते मी, आत्याबाई. तुम्ही मागं सरा. या भाऊजी. कोयता बाहेर ठेवून या.

परमेश्वर : कोयता हातातच ऱ्हाईल. ते मोटरीचं ॲप तुमीच केलंय ना? काल ते आपोआप बदललं. तवापासून बटण दाबलं की एकच लिहून येतं, जुन्या सर्व्हरशी जोडता येत नाही. कावून?

उज्ज्वला : कारण ती जोडणी आम्हीच काढून टाकली. विहिरीवरच्या खोलीत जो डबा बसवलाय ना, तो सर्व्हर. फोन त्याला सांगतो, तो मोटर चालू करतो. पण कोण सांगतंय, हे तो विचारतच नाही. नवा बसवून घ्या, कंपनी फुकट देतेय. नवा आधी नाव विचारतो. आणि विहिरीत कुणी नाही, असं विहिरीवरून कळल्याशिवाय मोटरीला हात लावत नाही.

परमेश्वर : नवा बसवाया येळ न्हाई. जुनं ॲप टाका माज्या फोनात. तुमच्या लॅपटॉपात आसंल की.

उज्ज्वला : आहे. टाकणार नाही.

परमेश्वर : आवं, ऊस वाळायलाय माजा!

साखराबाई : वाळू दे! त्या जुन्या डब्यानंच तुजा भाऊ खाल्ला. आदिनाथ खाली उतरल्याला, आन् कुनीतरी फोनवरून मोटर चालू केली. पान्यात करंट उतरला. ही पोरगी कंपनीसंगं भांडली, जुनं बंद करा म्हनून. तुज्याच भावापायी भांडली रं!

उज्ज्वला : पाणीच द्यायचं असेल तर स्टार्टर हातानं दाबा ना, भाऊजी. खोलीतच तर आहे.

परमेश्वर : खोलीला कुलूप हाय.

उज्ज्वला : आणि चावी?

परमेश्वर : विहिरीच्या आनखी एका वाटेकऱ्याकडं. विठ्ठलरावाची बायको, सुंदरबाई, चावी घिऊन दारातच बसलीय.

उज्ज्वला : अशा उन्हात? कशाला?

परमेश्वर : मला काय म्हाईत.

उज्ज्वला : विठ्ठलराव कुठं आहेत, भाऊजी?

परमेश्वर : त्येचं काय करायचंय तुमाला?

साखराबाई : बोल की रं! कुठं हाय त्यो?

परमेश्वर : खाली हाय. गाळ काढायलाय. हाटेलात समद्यांपुढं म्हनला, आता फोनवरून कुनाच्यानं मोटर चालू व्हत न्हाई, आता मी बिनघोर उतरतो. बिनघोर! माजा आदिनाथ काळानिळा पडलता. मी गळ टाकून वर वडलाय त्याला, ह्या हातांनी. आन् ह्यो बिनघोर! बाराला लाईट येती, काकू. मला एकदाच दाबायचंय.

साखराबाई : आरं देवा. मानूस मारायला निगालाय ह्यो!

परमेश्वर : हां, निगालोय! पान्याच्या पाळीवरनं मागं त्यानंच आदिनाथाचं डोस्कं फोडलतं. मोटरबी त्यानंच चालू केली. दुसरं कोन करनार?

साखराबाई : थांब, सुंदरबाईलाच फोन लावते. काढ म्हनावं नवऱ्याला वर.

परमेश्वर : फोन ठिव, काकू. ठिव म्हनलो ना! ठिव!

साखराबाई : आई गं! मेले गं…

उज्ज्वला : भाऊजी! भिंतीवर आपटलंत त्यांना! आत्याबाई, उठू नका. पदर दाबून धरा, रक्त वाहतंय.

परमेश्वर : ती मरत न्हाई. तुमी लॅपटॉप उघडा. न्हाई तर बोटं छाटतो, उसाच्या टिपरावानी.

उज्ज्वला : छाटा. हा हात ठेवला त्याच्यावर.

परमेश्वर : हात काढा, वहिनी.

उज्ज्वला : नाही.

परमेश्वर : काढा म्हनतो ना!

(कोयता लॅपटॉपवर बसतो. उज्ज्वलाच्या करंगळीचं टोक तुटून फरशीवर पडतं.)

साखराबाई : राक्षसा! लेकराचं बोट तोडलंस रं! हात झडतील तुजे!

उज्ज्वला : शिव्याशाप नको, आत्याबाई. ते फडकं द्या. घट्ट बांधा… अजून घट्ट. भाऊजी, जुनं ॲप ह्याच्यातच होतं. आता ते माझ्याकडंही नाही. आता मला एवढंच सांगा, आदिनाथ भाऊजी गेले त्या दिवशी तुम्ही कुठं होता?

परमेश्वर : उमापूरला. सासुरवाडीत. फोन आला तसा पळत आलो, मग गळ टाकला.

उज्ज्वला : आणि बटण?

परमेश्वर : कसलं बटण?

उज्ज्वला : लाईट आली का बघायला गावात सगळेच बटण दाबतात. विहिरीवर कोण जातंय बघायला! आपल्या विहिरीत आमचाही वाटा आहे, आमच्या ह्यांनीही दाबलं होतं त्या दिवशी. सांगताना लहान मुलासारखे रडले. तुम्ही?

साखराबाई : परम्या, दाबलंस का रं?

परमेश्वर : रोजच दाबतो की. त्या दिशी जेवाया बसलतो. हिरवा दिवा लागला. बायकोला दाखवला. म्हनलो, बघ, आज टायमाला लाईट आली.

उज्ज्वला : विठ्ठलरावांनीही दाबलं असेल. कुणाचं आधी पोचलं, ते त्या डब्यानं विचारलंच नाही. आता ते कधीच कळायचं नाही.

परमेश्वर : म्हनून तर त्योच आसावा वाटतो, वहिनी. त्यो नसला, तर मग…

साखराबाई : आन तो कोयता हिकडं. आन, बाळा. बस खाली.

परमेश्वर : काकू, तुज्या डोस्क्यातनं आजून येतंय.

साखराबाई : येऊ दे. तू बस.

परमेश्वर : बारा वाजले का?

उज्ज्वला : आत्ताच वाजले.

परमेश्वर : सुंदरबाईला फोन लावा ना, वहिनी. त्यो वर आला का, तेवढं इचारा.