सेलवरचा बुवा

मेहरूणला माझं कॅसेटचं दुकान होतं ना, तेव्हा पाचोऱ्याकडचे एक नाना आले. सप्ताहाच्या मंडपात लावायला त्यांना कॅसेट हवी होती. लाईट गेलेली, म्हणून टेप सेलवर लावला. गझल ऐकून विचारतात, "कोन मरी गये?" शास्त्रीय लावलं तर, "हाऊ गाणं कव्हय सुरू करी?" वैतागून मी इंग्लिश डिस्को लावलं. तेवढ्यात सेल उतरले आणि गाणारा खर्जात रेंगाळायला लागला. नानांनी डोळे मिटून मान डोलावली.

"हाई भजन बेस शे! दे."

समजावलं, पण ऐकतील तर ना! दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन परत हजर.

"भाऊ, सेलवर बुवा शांत व्हता. मंडपमा लाईटवर लावताच आख्खा गावना समोर येडा व्हई गया!"