सो स्वीट, बाबा!

नाही, पण मी म्हणते, आता यात स्वीट काय आहे? तुम्हीच सांगा! शेजारच्या टेलरमास्तरांनी लेकीला कळवलं की पायाची जखम भरत नाहीये, आणि तिकडून उत्तर काय, तर ‘सो स्वीट, बाबा!’ आणि पुढे लाल बदामांची रांग. अगं, जखम आहे ती! पू झालाय! बदाम कसले पाठवतेस?

मला कसं ठाऊक म्हणाल, तर तो मेसेज मीच लिहिला होता. मला कुणाच्या घरात डोकवायची सवय नाही हं, अजिबात नाही, पण मास्तरांचं दार आमच्या दाराला लागून, ते सदा उघडं, आणि उघड्या दारातून जे दिसतं त्याला मी काय डोळे मिटून जाऊ-येऊ? मास्तर एकटे. बायको गेली, एकुलती एक लेक सासरी, म्हणजे विमानात बसावं लागतं इतकी लांब सासरी. या वयातही एका दमात सुईत दोरा ओवतील, पण फोनवरची ती अक्षरं... बोट टेकवायचं एकीकडे, उमटायचं भलतंच! म्हणून मग, “वहिनी, जरा चार ओळी लिहिता का?” की मी हातातलं काम टाकून हजर.

पण मास्तरांचं सांगणं कसं, तुम्हाला सांगते... जन्मभर गिऱ्हाइकं सांभाळून जिभेला अशी काही इस्त्री बसलीये, की वाईट बातमी सरळ बाहेर पडायचीच नाही. माझं झंपर दंडात घट्ट झालं, तर “वहिनी, हल्लीचं कापडच आखडतं हो.” कापड कमी पडलं, तर “बाही जरा नाजूक ठेवलीये, तुम्हाला शोभेल.” एकदा आमच्या ह्यांच्या नव्या शर्टाला इस्त्रीने भोक पाडलं, त्यावर खिसा शिवला आणि म्हणाले, “हा आमच्याकडून भेट!” आणि हे खूश! आता असा माणूस स्वतःच्या पायाबद्दल काय लिहवणार? “लिहा, बाळ, पाय थोडा रुसलाय, पण डॉक्टर फार सज्जन आहेत.” मी म्हटलं, मास्तर, पू लिहू का? तर, “छे छे, तिची जेवायची वेळ असेल.” घ्या! मग तिकडून बदाम येतील नाही तर काय येईल?

तरी मला राहवेना. आमच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई आहेत, त्यांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, बाई, ह्या स्वीटचा अर्थ तरी काय एकदा सांगून टाका. त्या पिशव्या खाली ठेवून, “कसंय ना काकू, ते वापरावर आहे.” आणि सुरूच झाल्या! साखर स्वीट, बाळ स्वीट, झोप स्वीट, गाण्याचा आवाज स्वीट, खारट नसलेलं पाणी स्वीट, घर स्वीट, कुणी आपल्यासाठी दार धरून उभं राहिलं तर तो स्वीट, इंजिन बिनतक्रार चाललं तर तेही स्वीट, आणि एखाद्याचा सूड घेतला तर तोसुद्धा स्वीट! मी म्हटलं, गोड गळा, गोड पाणी आपल्याकडेही आहे हो, पण सुजलेल्या पायाला कुणी गोड म्हणतं का? तर बाईंनी पिशव्या उचलल्या आणि म्हणाल्या, “आणि काकू, दुसरं काही सुचलं नाही, तर तेव्हाही म्हणतात.”

मी तिथूनच, त्या जिन्यातून, सरळ मास्तरांच्या दारात.

पुढे डॉक्टरांकडे मीच सोबत गेले. डॉक्टर काही शिवणकाम शिकलेले नव्हते, त्यांनी सरळ सांगितलं, उजवा पाय घोट्याच्या वर काढावा लागेल, गुरुवारी या. मास्तर हसले. हसले हो! म्हणाले, “बरं, बरं, तुमच्या सोयीने.” ज्या पायाने उभा जन्म मशीन चालवलं तो पाय! घरी आल्यावर मला म्हणतात, “लिहा, डॉक्टर पाय जरा आल्टर करून देणार आहेत.” मी लिहिलं. दात-ओठ खात लिहिलं. आणि उत्तर? ‘आल्टर काय बाबा! तुम्ही पण ना... सो स्वीट!’ आता यात स्वीट काय आहे? तुम्हीच सांगा!

मग मात्र माझं डोकं फिरलं. घरी आले, स्वतःचा फोन घेतला आणि धाडधाड लिहिलं: तुझ्या बाबांचा पाय कापणार आहेत. गुरुवारी. ये. एक काना-मात्रा जास्त नाही. भाजी फोडणीला टाकेपर्यंत शेजारी मास्तरांचा फोन खणखणला. भिंत पातळ आहे आमची, मी कान लावले नव्हते, कान होते तिथेच होते. पोरीचं रडणं इकडे ऐकू येत होतं. आणि मास्तर? “अगं वेडे, नख! नख काढणार आहेत नख! वहिनींना रक्त बघवत नाही, त्या घाबरल्या बिचाऱ्या.”

मी! मी बिचारी!

अशी गेले तरातरा. म्हटलं, मास्तर, खोटं का बोललात? लेक यायला नको तुम्हाला? तर मास्तर मापाची टेप गुंडाळत बसले... उलगडायची, परत गुंडाळायची... मग हळूच म्हणाले, “हवीय हो. पण तिला दिवस गेलेत. आधी दोनदा हातचं गेलंय. डॉक्टरणीने पलंगावरून उतरू नको म्हटलंय. आणि ती उतरेल, वहिनी. विमानात बसेल.”

मी त्यांच्या हातातली टेप घेतली आणि नीट गुंडाळून ठेवली. तोवर माझ्या फोनवर मेसेज आलाच, ‘काकू, बाबांची किती काळजी करता, यू आर सो स्वीट!’ पोरगी वाईट नाही हो. बाप बोलतो तसंच ऐकायला शिकलीये, एवढंच.

गुरुवारी झालं सगळं. बाहेरच्या बाकावर मी आणि आमचे हे. सिस्टर विचारते, पेशंटचं कोण? मी म्हटलं, शेजारी. ती म्हणते, घरचं कोण? मी म्हटलं, भिंत पातळ आहे हो आमची, आम्हीच!

आणि काल... काल मास्तर जरा उशीला टेकून बसलेत, तर लेकीचा मेसेज. ‘बाबा, नख निघालं ना? मऊ, उबदार बूट पाठवतेय, पायांचं माप कळवा.’ मी फोन पालथा घातला. मास्तर म्हणाले, “काय म्हणतेय?” सांगावंच लागलं. त्यांनी चादरीकडे पाहिलं... एकीकडे पंजाचा उंचवटा, एकीकडे सपाट. मग घसा साफ केला आणि दोन्ही पायांचं माप तोंडपाठ सांगितलं! टाचेपासून, चवड्यापासून, सगळं! मी म्हटलं, मास्तर, खरंच लिहू? “लिहा. आणि म्हणावं, उजव्याला जरा सैल ठेव.”

लिहिलं! काय करणार? येतील आता आठवड्याभरात... आणि मेले बूट, येतात जोडीनेच!